न आलेली कुमक

फेब्रुवारी १९४० च्या अखेरीस हेलसिंकीत फिनलंडच्या मंत्रिमंडळापुढे दोन प्रस्ताव होते. पहिला मॉस्कोचा: देशाचा जवळजवळ दहावा हिस्सा तोडून द्या, लढाई थांबवू. दुसरा पॅरिस आणि लंडनचा: तह करू नका, आमची फौज येते आहे. पहिल्या प्रस्तावामागची फौज विपुरी शहराच्या रोखाने रोज पुढे सरकत होती. दुसऱ्या प्रस्तावामागची फौज अजून जहाजांतही चढली नव्हती, आणि ती ज्या नॉर्वे-स्वीडनमधून यायची होती ते वाट द्यायला तयार नव्हते. ३७ लाख लोकवस्तीच्या त्या देशाला दोन आठवड्यांच्या आत ठरवायचे होते, भरवसा कशावर ठेवायचा.

३० नोव्हेंबर १९३९ ते १३ मार्च १९४० या १०५ दिवसांच्या लढाईला इतिहासात ‘हिवाळी युद्ध’ म्हणतात. पांढरे झगे घालून स्कीवरून येणारे फिनिश सैनिक, उणे चाळीस अंशांची थंडी, बर्फात गोठलेल्या रशियन तुकड्या यांची वर्णने जगभर छापली गेली. त्याच दिवसांत दुसरी एक झुंज पॅरिस, लंडन, स्टॉकहोम आणि मॉस्कोमधल्या बंद दालनांत चालली होती. फिनलंडला कोण, किती, केव्हा आणि कशासाठी मदत करणार, याचा अंदाज दर आठवड्याला बदलत होता. तो बदलला की तहाच्या अटीही बदलत होत्या. लढणाऱ्या लहान देशाचे भवितव्य परक्यांच्या पाठिंब्यावर किती अवलंबून असते आणि किती नसते, हे समजून घ्यायला या प्रकरणाइतके स्पष्ट उदाहरण विसाव्या शतकात क्वचितच सापडेल.

मागणी आणि नकार

फिनलंड १८०९ पासून रशियन साम्राज्यात होता आणि ६ डिसेंबर १९१७ ला स्वतंत्र झाला. वीस-बावीस वर्षांच्या या स्वातंत्र्यावर २३ ऑगस्ट १९३९ ला सावट आले. त्या दिवशी जर्मनी आणि सोव्हिएत संघ यांनी अनाक्रमणाचा करार केला. त्याला जोडलेल्या गुप्त पुरवणीत पूर्व युरोपची वाटणी होती, आणि फिनलंड सोव्हिएत वाट्याला गेला होता. फिनलंडला याचा पत्ता नव्हता. जर्मनीने १९१८ च्या यादवीत फिनलंडच्या सरकारी पक्षाला सैन्य देऊन मदत केली होती. त्यामुळे संकटकाळी बर्लिन आपल्या बाजूने शब्द टाकेल असे हेलसिंकीत अनेकांना वाटे. तो आधार केव्हाच नाहीसा झाला होता.

ऑक्टोबरमध्ये स्टॅलिनने वाटाघाटींसाठी बोलावणे धाडले. फिनलंडची सरहद्द लेनिनग्राडपासून जेमतेम ३२ किलोमीटरवर होती. ती कारेलियाच्या संयोगभूमीवर मागे हटवावी, फिनलंडच्या आखातातली काही बेटे द्यावीत आणि हांको बंदर नाविक तळासाठी भाड्याने द्यावे, अशी मागणी होती. मोबदल्यात पूर्व कारेलियातला दुप्पट मोठा, पण जंगलाचा आणि विरळ वस्तीचा प्रदेश मिळणार होता. फिनलंडतर्फे यूहो कुस्ती पासिकिवी मॉस्कोला गेले. पुढच्या फेऱ्यांत अर्थमंत्री वैनो टानर त्यांच्यासोबत होते. काही सवलती देऊन प्रकरण मिटवावे असे पासिकिवींचे मत होते. वृद्ध सेनानी मानरहाइम यांचेही तेच म्हणणे होते, कारण सैन्याकडे तोफगोळे किती आणि रणगाडाविरोधी तोफा किती हे त्यांना ठाऊक होते. परराष्ट्रमंत्री एल्यास एर्को यांना मात्र रशिया केवळ धाक दाखवतो आहे असे वाटत होते.

त्याच महिन्यात स्टॉकहोमला स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्कचे तिन्ही राजे आणि फिनलंडचे राष्ट्राध्यक्ष क्योस्ती काल्लिओ एकत्र भेटले. लोक रस्त्यांवर जमले, ऐक्याच्या घोषणा झाल्या. सैन्य देण्याचा शब्द मात्र कोणी दिला नाही. नोव्हेंबरमध्ये बोलणी फिसकटली. २६ तारखेला सरहद्दीवरच्या मायनिला गावात तोफगोळे पडले. ते फिनलंडनेच डागले असा आरोप करून मॉस्कोने फिनलंडशी असलेला अनाक्रमण करार मोडला, आणि ३० नोव्हेंबरला सकाळी हेलसिंकीवर बॉम्ब पडू लागले.

जगाची सहानुभूती

दुसऱ्याच दिवशी मॉस्कोने सरहद्दीजवळच्या तेरियोकी गावात ओटो विले कूसिनेन या निर्वासित फिनिश कम्युनिस्ट नेत्याचे ‘जनसरकार’ उभे केले आणि फिनलंडचे खरे सरकार तेच असे जाहीर केले. याचा अर्थ सरळ होता: हेलसिंकीतल्या सरकारशी बोलण्यासारखे काही उरलेले नाही. तहाची दारे बाहेरून बंद झाली. हेलसिंकीत रिस्तो र्युती पंतप्रधान झाले आणि टानर परराष्ट्रमंत्री. त्यांचे पहिले उद्दिष्ट युद्ध जिंकणे नव्हते, ते अशक्य होते. मॉस्कोने पुन्हा आपल्याशी बोलावे अशी परिस्थिती आणायची, हे त्यांनी ठरवले.

ही परिस्थिती आणली ती रणांगणावरच्या माणसांनी. १२ डिसेंबरला तोल्वायार्वीला फिनिश सैन्याने पहिला मोठा विजय मिळवला. सुओमुस्सल्मी गावाभोवती आणि राते रस्त्यावर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दोन सोव्हिएत डिव्हिजन उद्ध्वस्त झाल्या. जंगलातल्या एकाच अरुंद रस्त्यावर अडकलेली लांबच लांब रांग तुकड्यातुकड्यांनी तोडायची, प्रत्येक तुकडीला वेढा घालायचा आणि थंडीला आपले काम करू द्यायचे, ही त्यांची रीत होती. रणगाडाविरोधी तोफा कमी होत्या. सरकारी मद्यकारखान्याने लाखो बाटल्यांत ज्वालाग्राही मिश्रण भरून दिले. फिनिश सैनिकांनी त्यांना सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोटोव्ह यांचे नाव दिले आणि ते जगभर रूढ झाले.

जगाने टाळ्या वाजवल्या. १४ डिसेंबरला राष्ट्रसंघाने सोव्हिएत संघाला सदस्यत्वावरून काढून टाकले. अमेरिकेत फिनलंडबद्दल विशेष आपुलकी होती, कारण पहिल्या महायुद्धानंतरचे कर्ज हा देश नियमित फेडत आला होता. माजी राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर यांनी मदतनिधी उभारला. रूझवेल्ट सरकारने १ कोटी डॉलरचे कर्ज दिले, पण त्यातून शस्त्रे घेता येणार नव्हती. ४४ ब्रूस्टर लढाऊ विमाने विकायला अमेरिकेने मान्यता दिली. लढाई थांबली तेव्हा त्यांतली मोजकीच फिनलंडला पोहोचली होती. इटलीने फियाट विमाने दिली, तर जर्मनीने ती आपल्या भूमीतून जाऊ दिली नाहीत. फ्रान्सकडून मोरान आणि ब्रिटनकडून ब्लेनहाइम विमाने आली.

सर्वांत मोलाची मदत शेजारच्या स्वीडनने केली. एक लाखाहून अधिक रायफली, कोट्यवधी काडतुसे, तोफा, पैसा, धान्य आणि आठ हजारांच्या आसपास स्वयंसेवक तिथून आले. उत्तरेच्या लॅपलंडमध्ये स्वीडिश वैमानिकांची एक तुकडी लढली. पण स्वीडनचे नियमित सैन्य येणार नाही, हे पंतप्रधान पेर आल्बिन हान्सन यांनी ठरवून टाकले होते. फिनलंडला अधिक मदत करावी असे म्हणणारे परराष्ट्रमंत्री सांडलर डिसेंबरमध्येच पायउतार झाले. स्वीडनला दोन्हीकडून भीती होती: पूर्वेकडून रशियाची आणि दक्षिणेकडून जर्मनीची. त्या भीतीला नावे ठेवणे सोपे आहे; पण ६० लाखांच्या आसपास लोकवस्तीचा तो देशही आपल्या जिवाचा हिशेब करीत होता.

मागच्या दाराने

जानेवारीच्या सुरुवातीला हेल्ला वुओलियोकी नावाची डाव्या विचारांची नाटककार टानर यांना भेटली. स्टॉकहोममधल्या सोव्हिएत राजदूत अलेक्झांड्रा कोलोन्ताय यांच्याशी तिची जुनी ओळख होती. मी जाऊन बोलून पाहते, असे तिने सुचवले. टानर यांनी होकार दिला. सुओमुस्सल्मीच्या पराभवाने सोव्हिएत सैन्याची अब्रू गेली होती, आणि कोलोन्ताय यांनाही हे युद्ध लवकर संपावे असे मनापासून वाटत होते. तीन आठवडे दोन बायका स्टॉकहोमच्या एका हॉटेलात बोलत राहिल्या.

२९ जानेवारीला स्वीडिश सरकारमार्फत मॉस्कोचा निरोप आला. र्युती आणि टानर यांच्या सरकारशी तह करायला सोव्हिएत संघाची तत्त्वतः हरकत नाही. एका वाक्यात कूसिनेन यांचे ‘जनसरकार’ निकालात निघाले. संबंध देश गिळण्याचा बेत स्टॅलिनने सोडला होता. फिनलंडच्या सैनिकांनी दोन महिन्यांत मिळवलेला सर्वांत मोठा विजय हाच, आणि तो कोणत्याही रणांगणाच्या नावाने ओळखला जात नाही.

स्टॅलिनने मागे पाऊल का घेतले? सैन्याची नाचक्की हे एक कारण. दुसरे कारण पश्चिमेकडे होते. ब्रिटन आणि फ्रान्स फिनलंडमध्ये सैन्य उतरवण्याचा विचार करीत आहेत, इतकेच नव्हे तर कॉकेशसमधल्या बाकूच्या तेलखाणींवर बॉम्बहल्ला करण्याचीही आखणी चालू आहे, अशा बातम्या मॉस्कोला मिळत होत्या. हिटलर आणि पश्चिमी राष्ट्रे आपसांत लढून दमावीत आणि आपण बाजूला राहावे, हे स्टॅलिनचे मूळ धोरण होते. फिनलंडपायी ब्रिटन-फ्रान्सशी उघड युद्ध जुंपणे त्याला परवडणारे नव्हते.

पण तह करायचा तर तो आपल्या अटींवर, आणि त्यासाठी आधी विजय हवा. सेनापती तिमोशेन्को यांच्याकडे आघाडी सोपवली गेली. नव्या डिव्हिजन आल्या, तोफा आल्या, पायदळ आणि रणगाडे यांची एकत्र तालीम झाली. १ फेब्रुवारीपासून कारेलियाच्या संयोगभूमीवर तोफांचा अखंड भडिमार सुरू झाला. ११ फेब्रुवारीला सुम्मा भागात मानरहाइम रेषा ही फिनलंडची तटबंदी फुटली. मॉस्कोच्या अटी लगेच चढल्या. ऑक्टोबरमध्ये संयोगभूमीचा तुकडा आणि हांको एवढ्यावर भागत होते. आता संपूर्ण संयोगभूमी, देशातल्या मोठ्या शहरांत गणना होणारे विपुरी आणि लादोगा सरोवराच्या उत्तरेचा किनारा, एवढे सगळे मागितले गेले.

लोखंडाचा रस्ता

आता पश्चिमी मदतीचा खरा चेहरा पाहायला हवा. ५ फेब्रुवारीला पॅरिसमध्ये ब्रिटन आणि फ्रान्सच्या सर्वोच्च युद्धमंडळाची बैठक झाली. ब्रिटनचे पंतप्रधान चेंबरलेन आणि फ्रान्सचे पंतप्रधान दलादिए दोघेही हजर होते. नॉर्वेतल्या नार्विक बंदरात सैन्य उतरवायचे, रेल्वेने स्वीडन ओलांडायचे आणि फिनलंडला पोहोचायचे, असे ठरले. नार्विकपासून जाणारी ती रेल्वे किरुना आणि येलिवारे इथल्या लोहखनिजाच्या खाणींतून जाते. जर्मनीच्या पोलाद कारखान्यांचा मोठा पुरवठा याच खाणींवर चाले. हिवाळ्यात बाल्टिकची बंदरे गोठली की ते खनिज नार्विकवरून जाई. फिनलंडला मदत करायला निघालेल्या फौजेचा बराचसा भाग या खाणी आणि ही वाट ताब्यात ठेवण्यासाठी वाटेतच थांबणार होता. खुद्द फिनलंडच्या आघाडीवर पोहोचणारे सैनिक त्यातले थोडे असणार होते.

एक अटही होती. फिनलंडने जगासमोर जाहीरपणे मदत मागायची. अशी हाक आली की नॉर्वे आणि स्वीडनला वाट नाकारणे अवघड जाईल, असा हिशेब होता. ही हाक फिनलंडने ५ मार्चच्या आत द्यावी असे आधी सांगण्यात आले. पुढे ती मुदत १२ मार्चपर्यंत वाढवली गेली.

हेलसिंकीत टानर आणि र्युती यांनी या वचनाची बारकाईने चौकशी केली. किती सैनिक? केव्हा? कोणत्या वाटेने? दर खेपेला आकडे बदलत. ब्रिटिशांचे आकडे लहान होते आणि तारखा एप्रिलच्या मध्यावर जात होत्या. मार्च सुरू होताच दलादिए यांनी ५० हजार सैनिक आणि १०० बॉम्बफेकी विमाने महिनाअखेरीस पाठवण्याची तयारी दाखवली. तेवढे सैन्य तेवढ्या दिवसांत गोठलेल्या स्कॅन्डिनेव्हियातून नेणे शक्य आहे, असे कोणताही लष्करी हिशेब सांगत नव्हता. दलादिए यांची स्वतःची खुर्ची डळमळत होती. पहिल्या महायुद्धात होरपळलेल्या फ्रान्सला पुढचे युद्ध आपल्या भूमीपासून दूर, उत्तरेत व्हावे असे वाटत होते, आणि फिनलंड त्या इच्छेच्या वाटेवर पडत होता.

स्वीडनची दारेही बंद होत गेली. फेब्रुवारीच्या मध्यावर टानर यांनी स्टॉकहोमला जाऊन सैन्य मागितले आणि हान्सन यांनी नकार दिला. तीन दिवसांत ही बातमी एका स्वीडिश वर्तमानपत्रात फुटली. १९ फेब्रुवारीला राजे पाचवे गुस्ताव यांनी स्वतः निवेदन काढून त्या नकारावर शिक्कामोर्तब केले. हा गौप्यस्फोट फिनलंडसाठी अत्यंत घातक होता. मदत मिळणार नाही हे समजणे वेगळे आणि ते शत्रूला समजणे वेगळे. चार दिवसांनी मॉस्कोच्या अंतिम अटी आल्या. त्याच सुमारास लंडनमधल्या सोव्हिएत राजदूताने या अटी ब्रिटनने फिनलंडला कळवाव्यात अशी विनंती केली. ब्रिटनने त्या पोहोचवायलाही नकार दिला. युद्ध थांबावे ही लंडनची निकड नव्हती.

तेरा दिवस

२९ फेब्रुवारीला फिनिश मंत्रिमंडळाने मॉस्कोच्या अटी तत्त्वतः मान्य करण्याकडे कल दिला. तेवढ्यात दलादिए यांचा मोठा आकडा आला आणि निर्णय अडला. काही मंत्र्यांना आशा वाटू लागली. र्युती आणि टानर यांनी मॉस्कोकडे नेमकी सरहद्द कोणती, असे खुलासे मागून वेळ काढला. त्या वेळात लंडन आणि पॅरिसकडून ठोस काय येते ते तपासले. ठोस काही आले नाही. नॉर्वे आणि स्वीडनने वाट देण्याची अधिकृत विनंती फेटाळली. ५ मार्चला फिनलंडने तहाची बोलणी स्वीकारली, आणि दुसऱ्या दिवशी र्युती, पासिकिवी, जनरल वाल्डेन आणि प्राध्यापक वोयोन्मा मॉस्कोकडे निघाले.

त्या दिवसांत आघाडीवर काय चालले होते? सोव्हिएत तुकड्या गोठलेला विपुरीचा उपसागर ओलांडून पश्चिम किनाऱ्यावर पाय रोवीत होत्या. ९ मार्चला सेनापतींचा अहवाल सांगत होता की काही बटालियन अडीचशे माणसांवर आल्या आहेत. तोफगोळे संपत आले होते. अधिकारी कमालीचे थकले होते. आणि याच दिवसांत लंडन-पॅरिसमधली भाषणे सर्वांत जोरदार झाली. ११ मार्चला चेंबरलेन यांनी संसदेत सांगितले की फिनलंडने मागितल्यास सर्व शक्तीनिशी मदत केली जाईल. दुसऱ्या दिवशी दलादिए यांनी ५० हजार सैनिक तयार असून फिनलंडच्या हाकेचीच वाट पाहत असल्याचे आपल्या प्रतिनिधींना सांगितले.

मॉस्कोत स्टॅलिन बैठकीला आला नाही. मोलोटोव्ह, झ्दानोव्ह आणि लष्करातर्फे वासिलेव्स्की समोर बसले. सुओमुस्सल्मीच्या उत्तरेचा साल्ला भागही आता मागितला गेला. तो आधीच्या यादीत नव्हता. घासाघीस करायला वाव नव्हता. शिष्टमंडळाने हेलसिंकीला विचारले आणि मंत्रिमंडळाने होकार कळवला. संरक्षणमंत्री न्युकानेन आणि शिक्षणमंत्री हन्नुला यांचा विरोध होता. दोघांनी नंतर राजीनामे दिले. १२ मार्चला सकाळी राष्ट्राध्यक्ष काल्लिओ यांनी तहाच्या अधिकारपत्रावर अत्यंत संतापाने सही केली. त्या रात्री करार झाला. १३ मार्चला फिनिश घड्याळात सकाळी अकरा वाजता तोफा थांबल्या. शेवटच्या तासांतही सोव्हिएत भडिमार चालू होता. दुपारी टानर रेडिओवर बोलले आणि देशभर ध्वज अर्ध्यावर उतरले.

सुमारे २५ हजार फिनिश सैनिक आणि नागरिक मेले. सोव्हिएत बाजूचे मेलेले आणि बेपत्ता सैनिक नंतरच्या रशियन आकडेवारीनुसार सव्वा लाखाहून अधिक होते. देशाच्या सुमारे दहाव्या भागावर पाणी सोडावे लागले. तिथल्या चार लाखांहून अधिक माणसांनी, म्हणजे दर नऊ फिन्सपैकी एकाने, घर, शेत आणि दफनभूमी मागे ठेवून वाट धरली. नव्या राज्यात राहायला जवळजवळ कोणीच मागे राहिले नाही. त्यांना उरलेल्या देशात जमीन देण्याचा कायदा संसदेने त्याच उन्हाळ्यात केला.

पुढच्या घटनांनी या निर्णयाचा न्याय केला. तहानंतर आठवडाभरात दलादिए यांचे सरकार पडले. ९ एप्रिलला जर्मनीने डेन्मार्क आणि नॉर्वेवर हल्ला केला. नार्विक त्यांच्या हाती गेले. जूनमध्ये फ्रान्स पडला. र्युती यांनी मार्चमध्ये हाक दिली असती तर तोकडी फौज उत्तरेत अडकून पडली असती, फिनलंड जर्मनी आणि सोव्हिएत संघ दोघांच्याही शत्रुपक्षात गेला असता, आणि मग तहाला कोणी उरले नसते. ज्या बाल्टिक देशांनी १९३९ च्या शरदात लढाईविना सोव्हिएत तळ मान्य केले, ते एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनिया १९४० च्या उन्हाळ्यात नकाशावरून पुसले गेले. फिनलंड उरला.

दुसरा धडा, १९४४

पण फिनलंड एकटा उरला. नॉर्वे आणि स्वीडनबरोबर संरक्षण करार करण्याचा प्रयत्न मॉस्कोने हाणून पाडला. अगदी उत्तरेच्या पेत्सामो भागातल्या निकेलखाणींवरून आणि इतर कारणांवरून दबाव वाढत राहिला. पश्चिमेत मदत करणारे कोणी शिल्लक नव्हते. सप्टेंबर १९४० मध्ये फिनलंडने जर्मन सैन्याला आपल्या भूमीतून जाऊ दिले, आणि जून १९४१ मध्ये तो जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरला. गेलेला प्रदेश तर त्याने परत घेतलाच, पण जुनी सरहद्द ओलांडून पूर्व कारेलियातही त्याचे सैन्य घुसले. लेनिनग्राडच्या लाखो माणसांना उपासमारीने मारणाऱ्या वेढ्याची उत्तरेकडची बाजू फिनिश सैन्याकडे होती. हा डाग पुसता येत नाही आणि पुसूही नये. १९३९ मध्ये ज्याच्यासाठी ब्रिटिश जनता हळहळली, त्या देशाविरुद्ध ब्रिटनने ६ डिसेंबर १९४१ ला युद्ध पुकारले. तो दिवस फिनलंडचा स्वातंत्र्यदिन होता.

स्टालिनग्राडला जर्मनीचा पराभव झाल्यानंतर फिनलंडला युद्धातून बाहेर पडायचे होते. पण खाण्याचे धान्य आणि दारूगोळा जर्मनीकडून येत होता. मार्च १९४४ मध्ये पासिकिवी पुन्हा मॉस्कोला गेले; अटी फारच कडक होत्या आणि बोलणी थांबली. नुसत्या बोलण्याचीही शिक्षा झाली: एप्रिलमध्ये हिटलरने शस्त्रे आणि धान्य रोखले. जूनमध्ये सोव्हिएत सैन्याने प्रचंड हल्ला चढवला आणि २० जूनला विपुरी पुन्हा सोव्हिएत हाती गेले. आता शस्त्रे हवीच होती, आणि त्यांची किंमत जर्मनीने सांगितली: फिनलंडने आमच्या संमतीशिवाय वेगळा तह करायचा नाही.

र्युती तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते. २६ जूनला त्यांनी हिटलरला पत्र लिहून हा शब्द दिला, पण तो स्वतःच्या नावाने दिला, संसदेची मान्यता घेतली नाही. जर्मन रणगाडाविरोधी शस्त्रे आणि विमाने आली. ताली-इहान्तालाच्या लढाईत सोव्हिएत आक्रमण थोपवले गेले. मग १ ऑगस्टला र्युती पदावरून उतरले. नवे राष्ट्राध्यक्ष मानरहाइम यांना तो शब्द बांधील नव्हता. अमेरिकेने जूनअखेर संबंध तोडले होते, जर्मनी पूर्वेत मागे हटत होता, आणि स्टॅलिनला आपले सैन्य बर्लिनकडे वळवायचे होते. १९ सप्टेंबर १९४४ ला मॉस्कोत शस्त्रसंधीवर सह्या झाल्या. १९४० ची सरहद्द, त्यावर पेत्सामोचा तोटा, हेलसिंकीजवळचे पोर्काला भाड्याने, आणि ३० कोटी डॉलरच्या मालाची भरपाई. देश मात्र स्वतंत्र राहिला आणि सोव्हिएत सैन्याने राजधानी ताब्यात घेतली नाही. स्वतःच्या नावाने शब्द देऊन देशाला मोकळे ठेवणाऱ्या र्युती यांना १९४६ मध्ये युद्धाला जबाबदार धरून दहा वर्षांची शिक्षा झाली. भरपाईचा शेवटचा हप्ता फिनलंडने १९५२ मध्ये चुकता केला.

काय शिकावे

या इतिहासातून मला चार गोष्टी ठाम दिसतात. पहिली: परकी मदत रणांगणावर पोहोचण्याआधी वाटाघाटीच्या टेबलावर पोहोचते. १९४० मध्ये एकही ब्रिटिश किंवा फ्रेंच पलटण फिनलंडच्या आघाडीवर आली नाही. तरीही ती येऊ शकते या भीतीने स्टॅलिनने तेरियोकीचे सरकार मोडले आणि विपुरीवर थांबला. न आलेल्या कुमकेने फिनलंडचे राज्य वाचवायला हातभार लावला.

दुसरी: ही शक्ती टिकते ती शत्रूचा विश्वास असेतोवर. स्वीडनचा नकार छापून आला त्या दिवशी फिनलंडच्या हातातले एक पान उघडे पडले. नार्विकची मोहीम आणखी दोन आठवडे नुसती बोलण्यात राहिली असती तर दुसरेही उघडे पडले असते. र्युती आणि टानर यांनी वचन नाकारले नाही आणि त्यावर विसंबलेही नाहीत. त्याची धास्ती मॉस्कोला वाटत होती तेवढ्या काळातच त्यांनी तह उरकला. मुत्सद्देगिरी याहून वेगळी काही नसते.

तिसरी: मदत देणारा प्रथम स्वतःचे हित पाहतो, आणि त्याचे हित बदलले की मदत बदलते. ब्रिटनला जर्मनीचे लोहखनिज तोडायचे होते, फ्रान्सला युद्ध दूर न्यायचे होते, स्वीडनला स्वतः वाचायचे होते, जर्मनीला आधी रशियाची मैत्री हवी होती आणि नंतर रशियाशी लढणारे सैन्य. यांत कोणी दुष्ट किंवा कोणी सज्जन अशी वाटणी करून उपयोग नाही. लढणाऱ्या देशाच्या नेत्यांनी प्रत्येक मित्राला विचारायला हवे: किती सैनिक, कोणत्या वाटेने, कोणत्या तारखेला, आणि वाटेत ते कुठे थांबणार. हेलसिंकीच्या मंत्र्यांनी हे प्रश्न लाज न बाळगता विचारले, आणि उत्तरे बदलू लागली तेव्हा त्यांनी बदलणाऱ्या उत्तरांवर विश्वास ठेवला नाही.

चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. दूरच्या राजधान्यांतून ‘लढत राहा’ म्हणणे फार स्वस्त असते. ११ आणि १२ मार्चची ती भाषणे ज्यांनी केली, त्यांच्या घरातली माणसे विपुरीच्या बर्फावर नव्हती. आजही जगात एखादा लहान देश मोठ्या शेजाऱ्याशी झुंजत असतो, कधी बाहेरून शस्त्रे येतात, कधी थांबतात, आणि त्याने लढावे की तह करावा यावर आपण दुरून सहज मत देतो. त्या देशाला धैर्य शिकवण्याचा किंवा शरणागती सुचवण्याचा अधिकार आपल्याला नाही. लढाई किती चालवायची आणि कोणत्या दिवशी थांबवायची, हा निर्णय ज्यांची घरे जळत आहेत त्यांचाच असला पाहिजे. बाहेरच्या मित्राचे कर्तव्य एवढेच की जे देणार ते वेळेत द्यावे, आणि जे देता येणार नाही त्याचे वचन देऊ नये.